एटीएममधून नोटा आल्याच नाहीत, खात्यातून दहा हजार वजा. बँक म्हणते ‘व्यवहार यशस्वी’ (चोपडा)

तापीकाठची | १४ मे २०२५, रात्री ९:४०

सगळ्यांना राम राम. पहिल्यांदाच धागा काढतेय, लांबला तर सांभाळून घ्या.

२९ एप्रिलला, आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) आदल्या दिवशी, मी आणि आबा (माझे वडील, वय ७१) चोपड्याला बाजारात गेलो होतो. घागर, डांगर, आंबे, आम्हा दोघी बहिणींच्या साड्या, सगळंच घ्यायचं बाकी होतं. केळीच्या व्यापाऱ्याचे पैसे आबांच्या खात्यात नुकतेच जमा झाले होते. खातं गावाजवळच्या शाखेत आहे, पण बाजारात हाताशी होतं ते दुसऱ्याच बँकेचं एटीएम. बाहेर दहाबारा माणसांची रांग, आणि ऊन असं की काचेच्या दाराला हात लागला तर चटका बसत होता. आतला एसी बंद.

आबांनी स्वतः कार्ड घातलं, स्वतः पिन टाकला. मी मागे उभी होते. रक्कम दहा हजार. मशीनमध्ये नोटा मोजल्याचा खर्र खर्र आवाज आला, तो आम्ही दोघांनी ऐकला. मग आवाज थांबला. नोटा बाहेर येतात तिथली पट्टी बोटभर हलली, पण उघडली नाही. परत आतल्या आत काहीतरी फिरलं आणि पडद्यावर इंग्रजीत एक ओळ आली, व्यवहार पूर्ण होऊ शकला नाही अशा अर्थाची. पावतीचा कागद संपलेला होता. कार्ड तेवढं परत मिळालं. आणि लगेच आबांच्या खिशातल्या फोनवर मेसेज: दहा हजार वजा.

रांगेतली माणसं दार ठोठावत होती. तरी आम्ही पाच-सात मिनिटं आतच थांबलो. वॉचमन नव्हता. भिंतीवरच्या स्टिकरवरचा नंबर लावला, नुसती रिंग वाजत राहिली.

दुसऱ्या दिवशी आखाजी, मग १ मेची सुट्टी. २ मेला शाखेत गेलो. ते म्हणाले, “मशीन आमचं नाही, ज्यांचं आहे त्यांच्याकडे जा.” तिकडे गेलो तर, “कार्ड तुमच्या बँकेचं, तिकडे जा.” एकाच दिवसात दोन्हीकडे दोन-दोन चकरा. शेवटी कार्डामागच्या टोल फ्री नंबरवर तक्रार नोंदवली. काल १३ मेला मेसेज आला: तक्रार बंद, व्यवहार यशस्वी झाल्याचे आढळले.

पैसे तर हवेतच. पण आबांचा जीव दुसऱ्याच गोष्टीत अडकलाय. रात्री जेवताना म्हणाले, “लोकेस्ले वाटी, म्हातारानी पैसा लिधात नि इसरी गया.” (लोकांना वाटेल, म्हाताऱ्याने पैसे घेतले आणि विसरला.) तेव्हापासून घास उतरत नाहीये त्यांना. कुणाला असा अनुभव असेल तर पुढे काय करायचं ते सांगा.

---

खान्देशी_पोऱ्या | १४ मे, रात्री ९:५८

ताई, आपला कष्टाना पैसा शे, सोडू नका. आबांना सांगा, धाग्यावरच्या आम्हा सगळ्यांचा त्यांच्यावर विश्वास आहे.

---

निवृत्त_रोखपाल | १४ मे, रात्री १०:३५

ताई, बँकेत नोकरी करून निवृत्त झालोय, शेवटची काही वर्षं ह्याच तक्रारी बघत होतो. नीट वाचा.

पहिली गोष्ट. मशीन कुणाचंही असो, तक्रार घ्यायची जबाबदारी कार्ड देणाऱ्या बँकेची, म्हणजे आबांच्या शाखेची. “मशीन आमचं नाही” हे उत्तरच होऊ शकत नाही. पुढे दोन बँकांनी आपसात काय करायचं ते त्या बघतील.

दुसरी. रिझर्व्ह बँकेचं २० सप्टेंबर २०१९ चं परिपत्रक आहे, १५ ऑक्टोबर २०१९ पासून लागू. खात्यातून रक्कम वजा झाली आणि रोकड मिळाली नाही, तर बँकेने व्यवहाराच्या तारखेपासून पाच दिवसांच्या आत ती परत जमा करायची. तक्रारीची वाटही बघायची नाही, आपणहून करायची. उशीर झाला तर दिवसाला १०० रुपये भरपाई, तीही खातेदाराने न मागता. हे दिवस कॅलेंडरचे आहेत, त्यातून सुट्ट्या वजा होत नाहीत. तुमचा व्यवहार २९ एप्रिलचा, म्हणजे मुदत ४ मेला संपली. ५ मेपासून मीटर चालू आहे.

शाखेत बऱ्याचदा “सात वर्किंग डेज थांबा” असं सांगतात. तो २०११ चा जुना नियम. तेव्हा सात कामकाजाचे दिवस होते आणि भरपाई हवी तर तक्रार ३० दिवसांत करावी लागायची. तो काळ गेला, पण काउंटरवरच्यांच्या तोंडातून तो आकडा जात नाही.

तिसरी, सर्वांत महत्त्वाची. ‘व्यवहार यशस्वी’ हा तपासाचा शेवट नव्हे. तुमच्या बँकेने समोरच्या बँकेकडे रक्कम मागितली, त्याला चार्जबॅक म्हणतात. समोरच्या बँकेने मशीनची नोंद दाखवून नकार दिला. ह्या नकारावर तुमच्या बँकेला पुढची पायरी चढता येते, प्री-आर्बिट्रेशन आणि त्यानंतर आर्बिट्रेशन, म्हणजे लवाद. पण खातेदाराने रेटा लावला नाही तर शाखा पहिल्या नकारावरच फाइल मिटवते. म्हणून आता फोन पुरे. लेखी अर्ज द्या आणि त्याच्या प्रतीवर शिक्का मारून पोच घ्या.

---

माझं_मत | १४ मे, रात्री ११:१२

कुणाला दुखवायचं नाही, पण मशीनमध्ये प्रत्येक सेकंदाची नोंद असते. नोंद यशस्वी म्हणत असेल तर नोटा बाहेर आल्या असतील. तुम्ही निघाल्यावर पट्टी उघडली आणि मागच्या माणसाने उचलल्या, असंही होऊ शकतं. मग बँकेची चूक कशी?

---

कॅसेटवाला_धुळे | १५ मे, सकाळी ६:५०

वरच्या दादांचा प्रश्न रास्त आहे, आणि त्याचं उत्तर माझ्याकडे आहे. मी सहा वर्षं एटीएममध्ये रोकड भरायच्या गाडीवर होतो. धुळे, शिरपूर, शिंदखेडा, दोंडाईचा ही आमची लाइन. मशीनचं पोट किती वेळा उघडलं असेल त्याची गणती नाही.

आत साधारण चार पेट्या असतात, त्यांना कॅसेट म्हणतात. पाचशेच्या वेगळ्या, दोनशेच्या, शंभरच्या वेगळ्या. तुम्ही दहा हजार मागितले की मशीन पाचशेच्या पेटीतून एकेक नोट ओढतं. वाटेत सेन्सर तिची जाडी बघतो. दोन नोटा चिकटून आल्या, नोट दुमडलेली निघाली, की ती बाहेर न देता बाजूच्या डब्यात टाकतं. त्या डब्याला आम्ही रिजेक्ट बिन म्हणायचो. वीस नोटा जमल्या की गठ्ठा पट्टीपर्यंत येतो. पट्टी अडकली तर अख्खा गठ्ठा त्याच डब्यात जाऊ शकतो. ताईंनी लिहिलंय ना, परत आतल्या आत काहीतरी फिरलं, तो आवाज मी ओळखतो. उन्हाळ्यात एसी बंद, धूळ, त्यात जुन्या मऊ पडलेल्या नोटा. एप्रिल-मेमध्ये आमच्या लाइनवर असे अडकलेले गठ्ठे हमखास निघायचे.

आता नोंद. मशीन स्वतःची डायरी लिहितं, तिला ईजे म्हणतात, इलेक्ट्रॉनिक जर्नल. किती वाजता कार्ड आलं, कुठल्या पेटीतून किती नोटा उचलल्या, पट्टी उघडली का, शेवटी कोड काय, सगळं त्यात असतं. व्यवहार सुरळीत झाला की कोड शून्य शून्य शून्य. पण पैसे वजा करायचा होकार नेटवर्कवरून आधी येतो, नोटा त्यानंतर सरकतात. ह्या दोघांमध्ये बिघाड झाला की वरच्या कॉम्प्युटरला यशस्वी दिसतं आणि खाली डब्यात वीस नोटा पडलेल्या असतात.

ह्यावरचा इलाज म्हणजे रोकडीचा मेळ. आम्ही भरणा करायला गेलो की आधी हिशेब: मागच्या भरण्याला किती होते, मशीन म्हणतं किती वाटले, प्रत्यक्ष पेट्यांत आणि डब्यात किती आहेत. दहा हजार जास्त निघाले तर कागदावर ‘जास्त’ म्हणून लिहावंच लागतं. म्हणून ताई, २९ एप्रिलनंतरचा जो पहिला भरणा झाला, त्याच्या मेळाचा कागद मागा. नुसतं “व्यवहाराची चौकशी करा” लिहिलं तर तेच छापील उत्तर परत येईल.

एक सावधगिरीही सांगतो. काही चोर पट्टीच्या तोंडाशी आतून प्लास्टिकची पट्टी चिकटवतात. नोटा येतात, पण तिथे अडकतात. माणूस कंटाळून निघाला की हे येऊन काढून नेतात. अशा वेळी मेळ बरोबर जुळतो, जास्तीचे काही निघत नाहीत. खरं काय ते फक्त कॅमेऱ्यात दिसतं. म्हणून फुटेजही मागाच. आणि नोटा नाही आल्या तर पट्टीच्या फटीत वाकून बघा, जरा थांबा. ताई थांबल्या ते बरोबर केलं.

---

माझं_मत | १५ मे, सकाळी ८:०५

हे मला माहीत नव्हतं. होकार आधी आणि नोटा नंतर, हा मुद्दा पटला. आबांची माफी मागतो.

---

तापीकाठची | १५ मे, सकाळी ८:४०

कॅसेटवाला दादा, तुमचं लिहिलेलं आबांना मोठ्याने वाचून दाखवलं. डब्याचं वर्णन आलं तेव्हा म्हणाले, परत वाच. परत वाचलं. दोन दिवसांनी आज दुधात भाकरी कुस्करून पोटभर जेवले.

---

भुसावळ_जंक्शन | १५ मे, सकाळी ९:३०

एक मोठा धोका आहे, तो आत्ताच सांगून ठेवतो. बँकेचा नंबर नेटवर शोधू नका! माझ्या मेव्हण्याचे एटीएममध्ये चार हजार अडकले होते. त्याने नेटवर ‘कस्टमर केअर’ शोधलं, पहिला दिसला तो नंबर लावला. समोरचा गोड बोलला, “रिफंड देतो, हे ॲप टाका” म्हणाला. ॲप टाकलं आणि फोन त्याच्या ताब्यात गेला. चार हजारांपायी अठ्ठावीस हजार गेले. नंबर कार्डामागचा किंवा पासबुकावरचाच घ्या. परतावा मिळायला ओटीपी लागत नाही, पिन लागत नाही, कुठलं ॲप लागत नाही. असं झालंच तर त्याच मिनिटाला १९३० वर, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर, फोन करा.

---

निवृत्त_रोखपाल | १५ मे, सकाळी ११:२०

भुसावळकरांनी फार मोलाचं सांगितलं. ह्यात लोक दोन गोष्टींची गल्लत करतात. आबांचं प्रकरण ‘फसलेला व्यवहार’, त्याला पाच दिवसांचा नियम. तुम्ही न करता कुणीतरी खात्यातून पैसे काढले तर तो ‘अनधिकृत व्यवहार’, त्याचे नियम वेगळे, ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकातले. बाहेरच्या कुणाच्या लबाडीने गेले असतील आणि तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलं तर ग्राहकावर काहीच बोजा नाही. मात्र आपणच पिन किंवा ओटीपी सांगितला असेल, तर कळवेपर्यंतचं नुकसान आपलं. अर्जात दोन्हींची खिचडी करू नका, नाहीतर फाइल भलत्याच टेबलावर जाते.

आणि ताई, आबांनी पिन स्वतः टाकला हे अर्जात ठळक लिहा. बंगळुरूला २०१३ मध्ये एका बाळंतिणीने नवऱ्याला कार्ड आणि पिन देऊन पंचवीस हजार काढायला पाठवलं. पैसे आले नाहीत, खात्यातून गेले. मशीनमध्ये जास्तीची रोकड निघाल्याचा कागद आणि फुटेज दोन्ही तिने मिळवलं होतं, तरी २०१८ मध्ये ग्राहक मंचात ती हरली. कारण एकच, पिन दुसऱ्याला दिला. आपल्याकडे घरोघरी म्हाताऱ्यांची कार्डं पोरं वापरतात, पिन कार्डाच्या पाकिटावर लिहिलेला असतो. मला हा निकाल माणुसकीला धरून वाटत नाही, पण तो झालाय, हे माहीत असू द्या.

---

धडगावचा_मास्तर | १५ मे, दुपारी ४:१५

आमच्याकडे एटीएम लांब. पाड्यावरची माणसं बँक मित्राच्या छोट्या मशीनवर अंगठा लावून पैसे काढतात. तिथेही हेच होतं. अंगठा लागला, रेंज गेली, मशीन म्हणालं ‘फेल’, आणि खात्यातून हजार गेले. मेसेज तरी कुठे येतो, कित्येकांचा फोन नंबरच खात्याला जोडलेला नाही. पुढच्या महिन्यात पासबुक भरून घेतलं की कळतं. त्यालाही हा पाच दिवसांचा नियम लागतो का?

---

निवृत्त_रोखपाल | १५ मे, दुपारी ५:००

लागतो, मास्तर. त्याच परिपत्रकात आधारवर चालणाऱ्या व्यवहारांचाही उल्लेख आहे. पाच दिवस, आणि त्यापुढे रोज १०० रुपये. बँक मित्राकडून पावती घ्यायची सवय लावा, फेल झाला तरी पावती मागायची. आणि नंबर जोडून घेण्याचं काम तुम्ही शाळेत पालक येतात तेव्हा केलंत तर खरंच पुण्य लागेल.

---

तापीकाठची | २० मे, सायंकाळी ७:१०

अर्ज दिला. इथे उतरवते, कुणाला उपयोगी पडेल.

“माझ्या बचत खात्यातून दि. २९ एप्रिल २०२५ रोजी दुपारी १२ वाजून १७ मिनिटांनी चोपडा येथील एटीएमवर रु. १०,००० वजा झाले. रोकड मिळाली नाही. कार्ड व पिन मी स्वतः वापरले. एटीएमचा क्रमांक व व्यवहाराचा बारा आकडी संदर्भ क्रमांक खाली दिला आहे. दि. २ मे रोजी तक्रार नोंदवली, ती दि. १३ मे रोजी ‘व्यवहार यशस्वी’ म्हणून बंद केली गेली. हा निष्कर्ष मला मान्य नाही. कृपया (१) मशीनच्या इलेक्ट्रॉनिक जर्नलची प्रत, (२) दि. २९ एप्रिलनंतरच्या पहिल्या भरण्याच्या वेळचा रोकड मेळ व रिजेक्ट बिनची मोजणी, (३) दुपारी १२:१० ते १२:३० या वेळेचे कॅमेरा फुटेज संबंधित बँकेकडून मागवावे व ते पुसले जाऊ नये म्हणून आजच कळवावे. तसेच रिझर्व्ह बँकेच्या दि. २० सप्टेंबर २०१९ च्या परिपत्रकाप्रमाणे दि. ५ मेपासून प्रतिदिन रु. १०० भरपाई द्यावी.”

वेळ मेसेजमधून घेतली. बारा आकडी क्रमांक मेसेजमध्ये नव्हता, तो शाखेतून खातेउतारा काढल्यावर सापडला. मशीनचा नंबर आतल्या स्टिकरवर असतो, तो फोनमध्ये टिपायला मी त्या दिवशी विसरले होते, परत चोपड्याला जावं लागलं. तुम्ही विसरू नका.

काउंटरवरच्या साहेबांनी अर्ज घेतला, पण पोच द्यायला तयार नव्हते. “आम्ही कुठे पळून चाललोय का?” म्हणाले. आबा समोरच्या बाकावर बसून राहिले. “पोच मिळाली की उठतो,” एवढंच म्हणाले. पाऊण तासाने शिक्का मिळाला.

---

शहादेकर | २० मे, रात्री ८:३०

आबांना माझा साष्टांग नमस्कार!

माझंही एक सांगतो. मी पाच हजार मागितले, मशीनने साडेतीनच दिले. रांगेत मोजायचं राहिलं, घरी आल्यावर कळलं. अर्धवट रोकडीलाही हीच तक्रार चालते, माझे दीड हजार आले. पण जमा झालेली रक्कम लगेच खर्च करू नका. कधीकधी बँक ती तात्पुरती जमा करते आणि समोरच्या बँकेने नकार दिला की परत काढून घेते. माझ्या भावाचं तसं झालं आणि त्याच दिवशी ट्रॅक्टरचा हप्ता बाउन्स झाला. ‘ही रक्कम कायमची आहे का’ हे शाखेत विचारून घ्यावं.

---

अमळनेर_पोस्ट | २१ मे, सकाळी १०:०५

जोडीला एक बारीक गोष्ट. मशीनच्या बिघाडाने किंवा रोकड नसल्याने फसलेला व्यवहार महिन्याच्या मोफत व्यवहारांत मोजायचा नाही, असं रिझर्व्ह बँकेने १४ ऑगस्ट २०१९ ला स्पष्ट केलंय. १ मेपासून मोफतच्या पुढे प्रत्येक वेळी २३ रुपयांपर्यंत शुल्क लागू शकतं, त्यामुळे उतारा बघताना हेही तपासा. रक्कम लहान आहे, पण आपली आहे.

---

तापीकाठची | ३ जून, रात्री ९:२०

काहीच उत्तर नाही. शाखेत गेलं की “वर पाठवलंय”. रोखपाल काका, आता?

---

निवृत्त_रोखपाल | ३ जून, रात्री ९:४५

२ मेची तक्रार म्हणजे ३० दिवस झाले, आणि मधल्या उत्तराने तुमचं समाधान झालेलं नाही. आता लोकपाल. बँकांविरुद्धच्या तक्रारींसाठी रिझर्व्ह बँकेची एकात्मिक लोकपाल योजना १२ नोव्हेंबर २०२१ ला सुरू झाली. रिझर्व्ह बँकेच्या सीएमएस ह्या तक्रारींच्या पोर्टलवर तक्रार भरता येते. एक पैसा शुल्क नाही, वकील लागत नाही. नेट जमत नसेल तर चंदीगडच्या केंद्राला साध्या टपालानेही अर्ज पाठवता येतो. अडलं तर रिझर्व्ह बँकेच्या १४४४८ ह्या हेल्पलाइनवर विचारा.

पोच असलेला अर्ज, खातेउतारा आणि १३ मेचा मेसेज जोडा. बँकेकडे आधी तक्रार केल्याचा पुरावा नसेल तर लोकपाल अर्ज घेतच नाही, म्हणून तर पोचेसाठी एवढा आग्रह होता.

ग्राहक आयोगाचा रस्ताही आहे. जळगाव, धुळे, नंदुरबार तिन्हीकडे जिल्हा आयोग आहेत आणि पाच लाखांपर्यंतच्या प्रकरणाला तिथेही फी नाही. पण दोन्हीकडे एकदम जाऊ नका. आयोगात प्रकरण चालू असेल तर लोकपाल ते हाती घेत नाही. आधी लोकपाल, तिथे निभलं नाही तर आयोग. घटनेपासून दोन वर्षांची मुदत असते.

---

तापीकाठची | ४ जून, दुपारी १:३०

रात्रीच भरली तक्रार. अर्धा तास लागला, त्यातली वीस मिनिटं कागदांचे फोटो लहान करण्यात गेली. नंबर मिळाला. आबांनी तो कॅलेंडरच्या मागे पेनाने लिहून ठेवलाय.

---

तापीकाठची | १२ जून, सायंकाळी ६:०५

पैसे जमा झाले!!! दहा हजार. दुपारी मेसेज आला. आबा तेव्हा मळ्यात होते, मी बांधावरून ओरडत गेले.

शाखेतून फोनही आला. समोरच्या बँकेने रोकड मेळ परत तपासला. ३० एप्रिलच्या भरण्याच्या कागदावर दहा हजार ‘जास्त’ लिहिलेले होते. म्हणजे आम्ही टोल फ्रीवर पहिला फोन लावायच्या आधीच तो आकडा कागदावर होता! तक्रारीचं उत्तर देणाऱ्याने नुसता कोड बघितला, कागद उघडलाच नाही. ह्याचा मला फार राग येतोय. एका म्हाताऱ्या माणसाने जवळजवळ दीड महिना स्वतःच्या डोक्यावर शंका घेतली, आणि उत्तर कपाटात होतं.

कॅसेटवाला दादा, तुम्ही म्हणालात तसंच, पाचशेच्या वीस नोटा डब्यात.

---

कॅसेटवाला_धुळे | १२ जून, रात्री ७:३०

ताई, डोळ्यांत पाणी आलं. ज्या पोराने तो ‘जास्त’चा आकडा प्रामाणिकपणे लिहिला, त्याचेही आभार माना. गाडीवरची पोरं थोड्या पगारावर उन्हातान्हात फिरतात, आणि मेळात कमी निघालं तर पहिलं बोट त्यांच्याकडेच जातं. आबांना माझा राम राम सांगा.

---

निवृत्त_रोखपाल | १२ जून, रात्री ८:१५

अभिनंदन. पण तक्रार मागे घेऊ नका. भरपाई आली का? ५ मे ते १२ जून मोजा: मेचे २७, जूनचे १२, एकूण ३९ दिवस. ३,९०० रुपये होतात.

---

तापीकाठची | १४ जून, दुपारी २:००

भरपाई आली नाही. शाखेत विचारलं तर म्हणाले, “चूक मशीनवाल्या बँकेची, आम्ही का द्यायची? मुद्दल मिळालं ना, आता सोडा की.” आबाही म्हणाले, सोड बाई. मी नाही सोडलं. आमच्या शाखेत पेन्शनच्या दिवशी जितकी म्हातारी माणसं बाकावर बसलेली असतात, त्यातल्या कितीजणांना “सोडा की” म्हटलं गेलं असेल, हेच डोक्यात येत राहिलं.

---

निवृत्त_रोखपाल | १४ जून, दुपारी ३:१०

बरोबर केलंत. भरपाई खातेदाराच्या खात्यात जमा करायची, चूक दोघांतल्या कुणाची हे त्यांनी आपसात मिटवायचं. लोकपालाकडच्या तक्रारीत ‘मुद्दल मिळाले, भरपाई बाकी’ एवढं लिहून १२ जूनचा उतारा जोडा. शाखेलाही तेच लेखी द्या.

---

तापीकाठची | ८ जुलै, रात्री ८:५०

आज ३,९०० जमा झाले. शाखेला दुसरा अर्ज दिला होता, लोकपालाकडूनही त्यांना पत्र गेलं. ह्या वेळी पोच मागावी लागली नाही, साहेबांनी आपणहून शिक्का मारला.

आबांनी पासबुक भरून आणलं आणि ती ओळ मला बोटाने दाखवली. मग शेजारच्या नानांकडे घेऊन गेले, त्यांनाही दाखवली.

---

वरणगावचा | ९ जुलै, सकाळी ७:२५

ताई, कालच हा धागा सापडला. माझ्या आईचे २१ जूनला सहा हजार अडकलेत. शाखेने तोंडी सांगितलंय, होतील जमा. अजून काही लिहून दिलेलं नाही. आई एकटी असते, मी सुरतला आहे. उशीर झाला का?

---

तापीकाठची | ९ जुलै, सकाळी ७:४०

उशीर नाही झाला, पण आजच कार्डामागच्या नंबरवर तक्रार नोंदव आणि तिचा नंबर इथे नको, वहीत लिहून ठेव. मुदत २६ जूनला संपली, २७ जूनपासून आईची भरपाई धर. कॅमेऱ्याचं फुटेज जुनं झालं की पुसतात, म्हणून लेखी अर्ज ह्याच आठवड्यात जायला हवा. पिन आईंनीच टाकला होता ना, ते आधी विचारून घे.

वरचा अर्ज कॉपी कर, तारीख-वेळ तेवढी बदल. शाखेत न्यायला कुणी नसेल तर सांग. रविवारी मी भुसावळला येणार आहे, वरणगाव जवळच. आईंची सही घेऊन अर्ज तयार करून देते, सोमवारी त्यांना फक्त शिक्का घ्यायला जावं लागेल.